वाण बदलावा की बियाणे?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातून एका शेतकरी भगिनीचे पत्र आले आहे. पती पुण्यात नोकरीला असल्याने साडेचार एकर कोरडवाहू शेती त्या आणि त्यांचे सासरे मिळून पाहतात. खरिपात घेवडा आणि त्यामागे रब्बी ज्वारी, असा त्यांच्या घरचा जुना क्रम आहे. बियाणे घरच्याच वाघ्या घेवड्याचे असते. पूर्वी एकरी सहा क्विंटल पडणारा हा घेवडा गेली तीन वर्षे चारच्या वर जात नाही आणि शेतात पाने आकसलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची झाडे वाढत चालली आहेत. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार ‘वरुण’ वाण घ्या, एकरी आठ क्विंटल होईल, असे सांगतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात राहणाऱ्या दिरांनी सुट्टीवर येताना किराणा दुकानातून पिंटो घेवड्याची दोन किलोंची पिशवी आणली असून, ‘दिसायला आपल्या वाघ्यासारखाच आहे, तिकडे उतारा दुप्पट येतो, हाच लावा’ असा त्यांचा आग्रह आहे. सासरे मात्र वाघ्या सोडायला तयार नाहीत. ‘या तिघांपैकी कोणता वाण पेरू, आणि घरात वाद न होता हा निर्णय कसा घेऊ?’ असे त्या विचारतात.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी मला त्यातले एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते उताऱ्याबद्दलचे नाही. पाने आकसलेली आणि ठिपक्यांची झाडे दरवर्षी वाढत चालली आहेत, हे ते वाक्य. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला आहात, परंतु तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे, असे मला वाटते. तुम्ही तीन वाणांची तुलना करत आहात, असे तुम्हाला वाटते आहे. प्रत्यक्षात तुमच्यासमोर तीन निरनिराळ्या प्रतीची बियाणी आहेत: वर्षानुवर्षे घरात फिरलेले वाघ्याचे बियाणे, दुकानातील पिशवीबंद बियाणे आणि खाण्यासाठी विकला जाणारा परदेशी दाणा. वाण आणि बियाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या वाणाचे रोगट बियाणे साधारण वाणाच्या निरोगी बियाण्यापुढे हरते आणि आपण मात्र दोष वाणाला देतो.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे घेवड्यावरील मोझॅक या विषाणूजन्य रोगाशी जुळतात. हा रोग मावा ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड पसरवते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो बियाण्यातूनही पुढच्या पिढीत जातो, हे मात्र फार थोडे शेतकरी लक्षात घेतात. रोगट झाडाच्या काही दाण्यांत विषाणू असतो, पुढच्या वर्षी त्या दाण्यांपासून उगवलेले रोप सुरुवातीपासूनच आजारी असते आणि मावा त्याच्यावरून शेजारच्या झाडांवर जातो. म्हणजे दरवर्षी आपणच शेतभर रोगाची केंद्रे पेरत असतो आणि त्यांची संख्या वाढत जाते. यातली अडचणीची बाब अशी की, दाणा पाहून हा रोग ओळखता येत नाही. करपा या बुरशीजन्य रोगाने डागाळलेला दाणा बहुधा डोळ्यांना दिसतो आणि सुपात वेगळा काढता येतो, परंतु मोझॅकचा दाणा निरोगी दाण्यासारखाच टपोरा आणि चमकदार असू शकतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः केवळ दाण्याची चकाकी पाहून एका ओळखीच्या ठिकाणाहून घेवड्याचे बियाणे घेतले होते आणि महिन्याभरात निम्मा प्लॉट आकसलेला पाहिला होता. तेव्हापासून बियाणे घेताना मी दाण्याआधी ते ज्या शेतातून आले त्या शेताची चौकशी करतो.

म्हणून ‘वाघ्याचा उतारा कमी झाला’ या तुमच्या विधानाला मी सध्या ‘आमच्या घरच्या बियाण्याचा उतारा कमी झाला’ असे म्हणेन. सहाचे चार क्विंटल होण्यामागे पावसातील खंड, जमिनीतील कसर आणि पेरणीतील उशीर यांचाही वाटा असेल; तो किती, हे पत्रावरून सांगता येणार नाही. परंतु वाघ्या हा वाणच थकला, असे मानण्याइतका पुरावा तुमच्या पत्रात नाही.

आता दिरांनी आणलेल्या पिंटोकडे वळतो, कारण त्याचा निर्णय सर्वांत सोपा आहे. तो पेरू नका. दिरांचा हेतू आपुलकीचा आहे आणि त्यांचे निरीक्षणही काही अंशी बरोबर आहे. पिंटो आणि वाघ्या ही एकाच जातीची, म्हणजे आपण ज्याला घेवडा किंवा राजमा म्हणतो त्याच पिकाची भावंडे आहेत. पिंटो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच रंगवलेला, ठिपकेदार असा होतो. फिकट दाण्यावर तपकिरी शिंतोडे असतात. वाघ्याच्या गुलाबीसर दाण्यावर लालसर रेघा असतात आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. पिंटोचे मूळ मेक्सिकोच्या उंच, कोरड्या पठारी भागात आहे, अमेरिकेत सुक्या घेवड्याच्या प्रकारांत त्याचेच उत्पादन सर्वांत जास्त होते आणि नॉर्थ डकोटा हे त्यातले आघाडीचे राज्य आहे. तिथल्या राज्य विद्यापीठाने ‘लॅरियट’, ‘स्टॅम्पीड’, ‘एनडी पॅलोमिनो’ असे वाण काढले आहेत आणि त्यांच्या निवडीमागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पूर्वीचा पिंटो जमिनीवर पसरणारा होता. तो मुळाशी कापून, ओळीत वाळवून मग मळावा लागे. थेट कापणी यंत्राने काढता यावा, शेंगा जमिनीपासून वर राहाव्यात, म्हणून लॅरियट आणि स्टॅम्पीड यांची ताठ वाढ निवडली गेली. पॅलोमिनोमध्ये दाणा साठवणीत लवकर काळवंडू नये हा गुण आणला, कारण जुना पिंटो तपकिरी पडतो आणि ग्राहक तो शिळा समजतो. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याने आपली यंत्रे, आपले हवामान आणि आपला ग्राहक पाहून वाण निवडला. त्यांच्याकडून घ्यायचेच असेल, तर ही पद्धत घ्यावी. पिशवीतला दाणा घेऊ नये.

ते हवामान आणि तुमचे हवामान यांत किती अंतर आहे, ते पाहा. नॉर्थ डकोटात पेरणी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होते, त्या दिवसांत तिथे दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो आणि पीक सप्टेंबरच्या बहुधा कोरड्या हवेत निघते. कोरेगावात आषाढातला दिवस सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर असतो आणि सप्टेंबरात परतीच्या पावसाची टांगती तलवार असते. पिंटोला तिथे साधारण ९५ ते १०५ दिवस लागतात. तुमच्याकडे तो नेमके किती घेईल, हे कुणी करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, परंतु शंभर दिवस धरले, तर २० जूनला पेरलेले पीक २८ सप्टेंबरला तयार होईल. सत्तर दिवसांचे पीक त्याच पेरणीत २९ ऑगस्टला निघते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची योग्य पेरणी मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर अशी असते. त्यामुळे पहिल्या पिकामागे तुम्हाला रान तयार करायला जेमतेम आठ-पंधरा दिवस उरतात, दुसऱ्यामागे चांगला वाफसा साधून वेळेवर पेरायची मोकळीक मिळते. तुमच्या घरात ज्वारीची भाकरी आणि गोठ्यात कडबा दोन्ही लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणून घेवड्याचा वाण निवडताना तुम्ही नकळत ज्वारीचाही निर्णय घेत असता.

उताऱ्याचा दावाही तपासून पाहू. नॉर्थ डकोटातील सुक्या घेवड्याची सरासरी एकरी सात-आठ क्विंटलांच्या आसपास असते. तुमच्या आजच्या चार क्विंटलांच्या ती दुप्पट आहे, हे खरे. परंतु तुमच्याच पूर्वीच्या सहा क्विंटलांपेक्षा ती फार पुढे नाही, आणि ती खोल काळ्या जमिनीत, प्रमाणित बियाण्यावर, यांत्रिक शेतीत मिळते. शिवाय किराण्याच्या पिशवीतील दाण्याचा वाण कोणता, तो किती वर्षांचा, त्याची उगवण किती आणि त्यात कोणता रोग आहे, यांपैकी काहीच तुम्हाला माहीत नाही. घेवड्याचे कित्येक रोग बियाण्यातून प्रवास करतात, म्हणूनच परदेशी बियाणे पेरणीसाठी आणायचे तर आपल्या देशात २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि तपासणी आवश्यक असते. खाण्यासाठी आलेला दाणा शेतात टाकणे हा त्या व्यवस्थेला वळसा ठरतो, आणि तुमच्या परिसरात आज नसलेला एखादा रोग आला, तर त्याची किंमत संपूर्ण खोरे मोजेल. दिरांना हे कारण सांगा; ते शिकलेले आहेत, त्यांना पटेल. दोन किलोंची उसळ करा. शिजल्यावर पिंटोचे शिंतोडे विरून जातात आणि दाणा सरसकट तपकिरी होतो, हेही घरातल्यांना पाहता येईल.

खरा विचार वाघ्या आणि वरुण यांच्यात करायचा आहे.

वरुण हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण आहे, तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला आहे, साधारण ६५ ते ७० दिवसांत तयार होतो आणि करप्याला प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. त्यामुळे तुमच्या ज्वारीच्या वेळापत्रकात तो बसतो. माझी शंका दुकानदाराने सांगितलेल्या आठ क्विंटलांविषयी आहे. हा आकडा कोणत्या हंगामातला आहे, हे त्यांना विचारा. अलीकडच्या वर्षांत बीड, धाराशिव, लातूर या भागांत राजमा मोठ्या प्रमाणावर पेरला जातो, परंतु तो रब्बीत, थंडीत आणि पाण्याची सोय असलेल्या रानात. त्या पिकाला हव्या त्या वेळी पाणी मिळते, खताची मात्रा जास्त असते आणि काढणीच्या वेळी आभाळ मोकळे असते. तुमचा घेवडा खरिपातला आणि पावसावरचा. त्याला फुलोऱ्यात पंधरा दिवसांचा खंड पडू शकतो आणि शेंगा वाळताना आठ दिवसांची झड लागू शकते. रब्बी बागायती रानातला आकडा खरीप कोरडवाहू रानात जसाच्या तसा उतरत नाही. तुमच्या गावात किंवा वसना नदीच्या खोऱ्यात कुणी खरिपात वरुण केला असेल, तर त्याच्याकडे जाऊन तीन गोष्टी विचारा: पेरणी कधी केली, खंड पडला तेव्हा फुले किती गळाली आणि बाजारात पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काय मिळाली. अशा एका भेटीतून तुम्हाला माझ्या या पत्राइतकेच कळेल.

झाडाच्या वाढीची ठेवण हाही इथे कळीचा मुद्दा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. काही घेवडे झुडपासारखे आटोपशीर वाढतात, एकदम फुलतात आणि त्यांच्या शेंगा एकदम वाळतात. काही थोडे पसरतात, हलके वेल टाकतात आणि त्यांचा फुलोरा टप्प्याटप्प्याने चालतो. एकदम फुलणारे झाड उपटायला आणि मळायला सोयीचे असते, परंतु नेमक्या फुलोऱ्यात पावसाने दडी मारली किंवा उष्णता तीस अंशांच्या वर गेली, तर फूल गळून जाते आणि दुसरी संधी मिळत नाही. टप्प्याने फुलणारे झाड खंडानंतर पुन्हा फूल धरते, परंतु त्याच्या खालच्या शेंगा वाळलेल्या आणि वरच्या हिरव्या, अशी काढणीची अडचण होते. अशा वेळी पाऊस आला, तर खालच्या शेंगांतला दाणा डागाळतो किंवा शेंगेतच कोंब धरतो. यांत एक चांगली आणि दुसरी वाईट, असे नाही. तुमच्या शेताला गेल्या दहा वर्षांत जास्त फटका जुलै-ऑगस्टच्या खंडाने दिला की काढणीच्या पावसाने, हे तुमच्या सासऱ्यांच्या नक्की लक्षात असेल. त्यांना हा प्रश्न याच शब्दांत विचारा, कारण त्याचे उत्तर देण्यास त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

बाजाराचा विचार मी मुद्दाम नंतर करतो आहे, कारण तो बहुतेक वेळा आधी केला जातो आणि अपुरा केला जातो. राजमा-घेवड्याला केंद्र सरकारचा हमीभाव नाही; तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर यांना आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या सोयाबीनलाही तो आहे. म्हणजे घेवड्याचा भाव पूर्णतः व्यापाऱ्याच्या मागणीवर आणि आयात मालावर अवलंबून राहतो. अशा पिकात नुसते क्विंटल मोजून चालत नाही. समजा वाघ्या एकरी चार क्विंटल आणि वरुण साडेपाच क्विंटल झाला. साडेपाचाला चाराने भागले, तर १.३७५ येतात, म्हणजे वाघ्याला क्विंटलमागे सुमारे ३७ टक्के जास्त भाव मिळाला, तरच दोन्ही बरोबरीत येतात. वाघ्या पाच क्विंटलांवर आला, तर हाच फरक १० टक्क्यांवर उतरतो. हा हिशेब वहीत मांडा आणि मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या काढून तुमच्या खऱ्या भावाशी ताडून पाहा.

वाघ्याला जास्त भाव मिळतो का, या प्रश्नावर तुमचे सासरे मानांकनाकडे बोट दाखवतात. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालापुरतेच राखून ठेवणारी नोंदणी, मिळाले, याचा त्यांना अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. ते नाव तुमच्या माळरानाने, तुमच्याकडच्या मध्यम पावसाने आणि पिढ्यान् पिढ्या बी राखणाऱ्या घरांनी मिळवलेले आहे. परंतु मानांकन आपोआप भाव देत नाही. अडतीवर दहा शेतकऱ्यांचा माल एका ढिगात पडला की तुमचा वाघ्या तिथे नाव गमावतो. या नावाचा फायदा घ्यायचा, तर मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करावी लागते, दाणा एकसारखा, निवडलेला आणि भेसळविरहित असावा लागतो आणि ग्राहकापर्यंत तो त्याच नावाने पोहोचावा लागतो. तुमचे पती पुण्यात आहेत. पहिल्या वर्षी दोन क्विंटल दाणा निवडून, एक-एक किलोच्या पिशव्यांत, त्यांच्या वसाहतीत आणि कार्यालयात विकून पाहता येईल का, याचा विचार करा. तिथे मिळालेला भाव हाच तुमच्यापुरता वाघ्याचा खरा भाव. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: दुसऱ्या कुठल्याही वाणाचा दाणा वाघ्यात मिसळू देऊ नका आणि वाघ्याच्या नावाने विकू नका. यामुळे कायद्याचा भंग होतोच, शिवाय तालुक्यातील प्रत्येक घराची पत त्यात जाते.

आता मी तुमच्या जागी असतो, तर या हंगामात काय केले असते, ते सांगतो.

घेवड्याचे चार एकर धरले, तर साडेतीन एकर वाघ्याच ठेवला असता, मात्र जुन्या बियाण्यावर नाही. ज्याच्या शेतात मागच्या वर्षी मोझॅक दिसला नाही, अशा गावातल्या किंवा शेजारगावच्या शेतकऱ्याकडून शक्य तितके वाघ्याचे बियाणे अदलाबदलीने किंवा विकत घेतले असते. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे या व्यवहारात संकोच बाळगू नका. उरलेल्या वीस गुंठ्यांपैकी पंधरा गुंठे वरुणला दिले असते आणि पाच गुंठे वाघ्याच्या निवडीच्या प्लॉटसाठी राखले असते. त्याचे काम पुढच्या वर्षी सुरू होईल, या वर्षी तिथे मूग घेता येईल.

पेरणीआधी, मेच्या मध्यापर्यंत, प्रत्येक बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. पंचाहत्तरपेक्षा कमी उगवले, तर ते बियाणे पेरणीतून वगळा. बियाण्याचे प्रमाण वाणाच्या दाण्यावर ठरते, शेजाऱ्याच्या सवयीवर नाही. तीस सेंटिमीटर ओळ आणि दहा सेंटिमीटर झाड धरले, तर एकरात सुमारे १ लाख ३५ हजार झाडे बसतात. शंभर दाण्यांचे वजन ३० ग्रॅम असेल, तर एकरी ४० किलो बी लागते. ४० ग्रॅम असेल, तर ५४ किलो. मोठ्या दाण्याचा नवा वाण जुन्याच मापाने पेरून रान विरळ ठेवायचे आणि मग ‘वाण उगवला नाही’ म्हणायचे, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. घरच्या तराजूवर शंभर दाणे तोलायला पाच मिनिटे लागतात.

खताविषयी एवढेच की, घेवडा कडधान्य असला, तरी मूग-उडदाच्या तुलनेत स्वतःचे नत्र स्वतः मिळवण्यात तो फार कमकुवत आहे. आपल्या जमिनीत त्याच्या मुळांवर चांगल्या गाठी धरत नाहीत. उत्तरेकडील बागायती राजम्याला हेक्टरी १०० ते १२० किलो नत्राची शिफारस याच कारणाने असते. तुमच्या कोरडवाहू रानाला इतके लागणार नाही, परंतु मुगाइतके देऊनही भागणार नाही. माती परीक्षण करून नेमकी मात्रा बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रातून घ्या. दोन्ही वाणांना खत आणि खुरपणी सारखीच द्या, नाही तर तुलना फसेल.

तुलनेची रीत सोपी ठेवा. वरुणचा पट्टा चांगल्या रानात आणि वाघ्या मुरमाड उतारावर, असे करू नका. दोन्ही शेजारी शेजारी, उताराला आडवे, एकाच दिवशी पेरा. पेरणीची, पहिल्या फुलाची आणि काढणीची तारीख लिहून ठेवा. काढणीला प्रत्येक वाणाचे तीन ठिकाणचे एक-एक गुंठे मोजून वेगळे मळा आणि सारखे वाळवून तोला. त्या तीन वजनांची सरासरी चाळीसने गुणली की एकरी उतारा मिळतो. एका पावसाळ्यावरून निर्णय करू नका. एक खंडाचे आणि एक झडीचे, अशी निदान दोन वर्षे पाहा.

आता वाघ्याची निवड, ज्यात मला सर्वांत जास्त आशा वाटते. घेवड्यात परागीभवन बहुतांशी स्वतःचे स्वतः होते, त्यामुळे चांगल्या झाडाचे बी पुढे तसेच येते आणि शेतकऱ्याच्या घरी केलेली निवड वाया जात नाही. पीक तीन आठवड्यांचे असताना आकसलेली, ठिपक्यांची झाडे दिसतील तशी उपटून शेताबाहेर नेऊन पुरा. माव्याची पाखरे वाढण्याआधी हे झाले, तर रोगाची पुढची वाट तुटते. मग फुलोऱ्यात निरोगी, भरदार आणि आजूबाजूलाही निरोगी झाडे असलेल्या पाचशे झाडांना रंगीत दोरा बांधा. काढणीआधी पुन्हा फेरी मारून ज्यांच्या शेंगांवर करप्याचे खोलगट डाग आहेत, त्यांचा दोरा सोडा. उरलेली झाडे आधी उपटून, वेगळी वाळवून, काठीने हलकेच झोडा. मळणी यंत्रात किंवा ट्रॅक्टरखाली घेवड्याच्या बियाला बाहेरून न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि रोप उगवताना त्याचा शेंडाच मोडलेला निघतो. झाडामागे दहा ग्रॅम दाणा धरला, तर पाचशे झाडांचे पाच किलो बी होते. एकरी चाळीस किलोंच्या मापाने ते पुढच्या वर्षी राखीव पाच गुंठ्यांना पुरते. त्या पाच गुंठ्यांतून, एकरी चार क्विंटलांच्या आजच्या उताऱ्यानेही, पन्नास किलो बी मिळते, म्हणजे तिसऱ्या वर्षी एक एकर तुमच्या स्वतःच्या निवडलेल्या वाघ्यावर येतो. बी कडक उन्हात न करपवता चांगले वाळवून हवाबंद पिंपात ठेवा, म्हणजे साठवणीतला दाणा पोखरणाऱ्या पोरकिड्यालाही वाव राहणार नाही.

घरातल्या वादाबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. सासऱ्यांना समजवायचे आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला वाटते, तुमच्या दोघांच्या म्हणण्यात तुम्हाला वाटते तितके अंतर नाही. त्यांना वाघ्या हवा आहे आणि तुम्हाला उतारा हवा आहे. त्यांचा वाघ्या पूर्वी सहा क्विंटल देत होता, म्हणजे तेही तुमच्याच आकड्याची आठवण काढत आहेत. त्यांच्यापुढे ‘वाघ्या की वरुण’ असा प्रश्न ठेवलात, तर ते वाघ्याची बाजू घेणार. त्याऐवजी पाचशे झाडे निवडण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. खरा वाघ्या कसा दिसतो, त्याची पाने कशी असतात, रेघ किती ठळक असावी, हे त्यांच्या डोळ्यांना जितके कळते, तितके तुम्हाला किंवा मला कळणार नाही. वरुणच्या पंधरा गुंठ्यांची वही तुम्ही ठेवा, आणि दोऱ्याची रिळे जुलै संपायच्या आत आणून त्यांच्या हाती द्या.